सैन्याचा खर्च, खरेदी आणि नेतृत्व: सुधारणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संरक्षण खर्चाचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा दोनच वाटांनी जातं. एक म्हणते सैन्याला पैसा कमी पडतोय, दुसरी म्हणते सैन्यावर उधळपट्टी चालली आहे. अनेक देशांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. तिजोरीतून प्रचंड पैसा जातो, आणि तरीही सीमेवरच्या तुकडीला हवी ती वस्तू हव्या त्या वेळी मिळत नाही. असं का होतं आणि ते कसं बदलता येतं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

खर्च, खरेदी आणि नेतृत्व हे तीन वेगळे विषय नाहीत का? एकत्र का घेता?

मंत्रालयात या तिघांसाठी तीन वेगळे विभाग असतात, पण दुखणं एकच आहे. खालच्या माणसाला ठाऊक असलेली वाईट बातमी वरच्या माणसापर्यंत वेळेत पोचत नाही.

ब्रिटनच्या एजॅक्स या चिलखती गाडीचं प्रकरण पाहा. ५८९ गाड्या, साडेपाच अब्ज पौंडांचा करार, आणि २०१७ मध्ये गाडी सैन्यात दाखल व्हायची होती. चाचण्यांमध्ये आवाज आणि हादरे इतके होते की आत बसणाऱ्या सैनिकांच्या कानांवर परिणाम झाला. इशारे दिले गेले होते, तरी चाचण्या थांबायला २०२० उजाडलं. २०२१ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाच्याच सुरक्षा विभागाचा अहवाल आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की हे कुणा एकाचं अपयश नाही. सैनिकाने एवढा त्रास सोसायचाच असतो, असं सैन्यात न बोलता गृहीत धरलं गेलं होतं.

आता हा दोष खर्चाचा, खरेदीचा की नेतृत्वाचा? खरेदीचे नियम तर पाळले गेले होते. पैसेही मंजूर होते. 'साहेब, या गाडीत बसवत नाही' हे वाक्य मात्र योग्य टेबलावर पोचलं नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीशी येऊन मिळतात.

बजेट वाढवलं की सैन्य मजबूत होतं, एवढं साधं नाही का?

नाही. बजेट म्हणजे आपण काय घातलं त्याचा हिशोब. बदल्यात काय मिळालं, हा वेगळा हिशोब आहे आणि तो फार थोडे देश मांडतात. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलरवर गेला. एका वर्षात ९.४ टक्के वाढ झाली. नाटो देशांनी २०१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांचं उद्दिष्ट ठरवलं होतं. २०२५ च्या हेग परिषदेत ते २०३५ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं. त्यातले साडेतीन टक्के थेट संरक्षणासाठी आहेत आणि उरलेला दीड टक्का पायाभूत सुविधा आणि तत्सम कामांसाठी.

टक्केवारीचं उद्दिष्ट राजकारण्यांना सोयीचं असतं, कारण ते मोजायला सोपं आहे. पण टक्के कधी लढत नाहीत. एखादी ब्रिगेड किती दिवसांत मोर्चावर पोचते, तिच्याकडे किती दिवसांचा दारूगोळा आहे, शंभर विमानांपैकी आज सकाळी किती उडू शकतात, हे विचारायला हवं. या प्रश्नांची उत्तरं नसतील तर वाढलेला पैसा जुन्याच भोकांतून गळत राहतो.

मग एवढा पैसा जातो कुठे?

पगार, पेन्शन आणि देखभालीत. नव्या शस्त्रांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात म्हणून वाटतं की सगळा पैसा तिथेच जातो. भारताचं २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी रुपयांचं होतं. त्यात नव्या खरेदीचा, म्हणजे भांडवली खर्चाचा वाटा १.८० लाख कोटी, सुमारे २६ टक्के. पेन्शनला १.६० लाख कोटींहून जास्त. पेन्शन हा सैनिकाचा हक्क आहे, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण आज भरती करताना पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च मोजला नाही, तर नव्या शस्त्रांसाठीचा पैसा हळूहळू आक्रसत जातो.

देखभालीचंही तसंच आहे. अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या प्रकल्पाचा आयुष्यभराचा अंदाजित खर्च २ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे, असं तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं. त्यातले सुमारे १.५८ लाख कोटी डॉलर हे विमान विकत घेण्याचे नाहीत, ते उडतं ठेवण्याचे आहेत. २०१८ मध्ये हाच देखभालीचा अंदाज १.१ लाख कोटी होता. खरेदीच्या दिवशी जाहीर होणारी किंमत म्हणजे पहिला हप्ता असतो. संसदेत आणि माध्यमांत चर्चा मात्र त्या हप्त्याचीच होते.

ऑडिटने काय साधतं? सैन्य म्हणजे कंपनी नव्हे.

सैन्य नफा कमावण्यासाठी नसतं, हे मान्य. पण आपल्याकडे काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो लढणार कशाच्या भरवशावर?

पेंटॅगॉनचं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचं, पहिलं संपूर्ण ऑडिट २०१८ मध्ये झालं. तेव्हापासून दरवर्षी ऑडिट होतं आणि खात्याला अजून एकदाही स्वच्छ शेरा, म्हणजे 'हिशोब बरोबर आहेत' असा दाखला, मिळालेला नाही. कायद्याने २०२८ ची मुदत घातली आहे. 'नापास' या बातमीपेक्षा त्या ऑडिटमध्ये काय सापडलं ते जास्त बोलकं आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथल्या नौदलाच्या तळावर एक अख्खं गोदाम सापडलं, ज्याची नोंद कुठल्याच यादीत नव्हती. आत सुमारे १२.६ कोटी डॉलरचे विमानांचे सुटे भाग पडून होते. काही पी-८ या आजच्या गस्ती विमानाचे, तर काही एफ-१४ या जुन्या लढाऊ विमानाचे. अमेरिकी नौदलाने एफ-१४ तर २००६ मध्येच निवृत्त केलं होतं. पी-८ चे भाग यादीत चढवल्यावर ते मागणी करून बसलेल्या तुकड्यांना पाठवता आले. म्हणजे त्या तुकड्या ज्या भागांची वाट पाहत होत्या, ते नौदलाच्याच कुलपात होते.

मरीन कोअर हे स्वच्छ शेरा मिळवणारं अमेरिकेचं पहिलं दल. त्यांनी तो २०२३ च्या आर्थिक वर्षासाठी मिळवला. तो मिळवायला हवालदाराच्या पातळीपर्यंत प्रत्येक वस्तू हाताने मोजावी लागते. कंटाळवाणं काम आहे, त्यात कुणाला पदक मिळत नाही. माझ्या मते बहुतेक चकचकीत सुधारणांपेक्षा याच कामाने सैन्य जास्त सज्ज होतं.

आर्थिक वर्ष संपताना खर्चाची झुंबड का उडते?

उरलेला पैसा परत जातो, आणि परत गेला की पुढच्या वर्षी तेवढा कमी मिळतो, म्हणून. अमेरिकी केंद्र सरकारच्या खरेदीचा अभ्यास झाला, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च सरासरी आठवड्याच्या जवळजवळ पाचपट निघाला. त्या आठवड्यात घेतलेले संगणक प्रकल्प दर्जातही खालचे होते. तिथल्या न्याय खात्याला उरलेला पैसा पुढच्या वर्षी नेण्याची मुभा आहे. तिथे ही घसरण दिसली नाही. उपाय इतका सरळ आहे. भारताच्या पंधराव्या वित्त आयोगानेही संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी न संपणाऱ्या निधीची शिफारस केली होती. अशा निधीला अर्थ खाती सहसा विरोध करतात, कारण त्यांच्या हातातली दोरी सैल होते. ती भीती खोटी नाही. पण दर वर्षअखेरीला गरजेशिवाय होणारी खरेदी त्याहून महाग पडते.

शस्त्रखरेदीला इतकी वर्षं का लागतात?

याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कुणी नोकरशाहीला दोष देतं, कुणी दलालांना, कुणी देशी कारखान्यांना. खरं तर साखळीतला प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणानेच वागत असतो आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज शून्य होते.

भारताच्या १२६ लढाऊ विमानांच्या खरेदीत हे टप्प्याटप्प्याने दिसतं. निविदा २००७ च्या ऑगस्टमध्ये निघाली. सहा विमानं स्पर्धेत होती. बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचं ऊन, लेहची उंची, अशा तिन्ही ठिकाणी ती उडवून पाहिली. २०१२ च्या जानेवारीत राफेल सर्वांत कमी किमतीचं ठरलं. इथवर काम नेटाने झालं होतं. पुढची तीन वर्षं वाटाघाटीत गेली. भारतात तयार होणाऱ्या विमानांच्या दर्जाची हमी कुणी द्यायची आणि त्यांना किती मनुष्यतास लागणार, यावर घोडं अडलं. शेवटी २०१५ मध्ये ती निविदाच मागे घेतली गेली, ३६ विमानांचा सरकार ते सरकार करार २०१६ मध्ये झाला, आणि पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली ती २९ जुलै २०२० रोजी. निविदेपासून तेरा वर्षं. दरम्यान जुन्या विमानांच्या तुकड्या एकेक करून निवृत्त होत राहिल्या.

यातला गुंता असा. आयुष्यभराचा खर्च धरून सर्वांत स्वस्त कोण, हे ठरवायचं तर दहा गृहीतकं लागतात आणि प्रत्येक गृहीतकावर आक्षेप घेता येतो. आक्षेप आला की फाइल परत फिरते. फाइल परत पाठवल्याबद्दल कुणाला कधी शिक्षा होत नाही, सही केल्याबद्दल मात्र निवृत्तीनंतर दहा वर्षांनीही चौकशी लागू शकते. मग सही न करणं हाच अधिकाऱ्याला सुरक्षित मार्ग वाटतो.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९८६ मध्ये भारताने ४१० बोफोर्स तोफा घेतल्या, लाचखोरीचा आरोप झाला, आणि त्यानंतर तीन दशकं मोठ्या तोफांची एकही नवी विदेशी खरेदी पुरी झाली नाही. पुढचा करार १४५ हलक्या एम-७७७ तोफांचा, तो २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच बोफोर्सने १९९९ मध्ये कारगिलची शिखरं भाजून काढली. तिचे आराखडे तंत्रज्ञान हस्तांतरणात मिळाले होते, पण त्यांवरून घडवलेली धनुष ही देशी तोफ सैन्याच्या हाती यायला २०१९ उजाडलं. भ्रष्टाचाराला शिक्षा व्हायलाच हवी. ती लाच देणाऱ्या-घेणाऱ्याला व्हावी आणि लवकर व्हावी. खटला रेंगाळत ठेवून अख्खी खरेदी गोठवली की शिक्षा भोगतो तो तोफखान्याचा जवान.

शस्त्रांबद्दलच्या मागण्या अवास्तव का असतात?

मागणीपत्र लिहिणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत आणि प्रत्येक शाखेला आपली एक ओळ त्यात हवी असते. जगातल्या दहा शस्त्रांचे दहा सर्वोत्तम गुण एका कागदावर आले की असं शस्त्र कुठेच तयार होत नसतं.

अमेरिकी नौदलाची झुमवॉल्ट विनाशिका ३२ बांधायची होती, बांधल्या गेल्या तीन. तिच्या दोन खास तोफांसाठी खास गोळा बनवला. जहाजांची संख्या घटली तशी गोळ्यांची मागणी घटली आणि एका गोळ्याची किंमत सुमारे ८ लाख डॉलरवर गेली. २०१६ मध्ये नौदलाने गोळे घेणंच रद्द केलं. तोफा जहाजावर होत्या आणि त्यात घालायला काही नव्हतं.

ब्रिटनने १९९५ मध्ये आठ खास चिनूक हेलिकॉप्टरं मागवली. २००१ मध्ये ती आली तेव्हा कळलं की त्यांच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड तपासण्याचा हक्क करारात नीट घेतलेलाच नाही. कोड तपासता येत नाही म्हणून उड्डाणाचं प्रमाणपत्र नाही. निरभ्र आकाशात, ५०० फुटांच्या वर, वैमानिकाला खालच्या खुणा दिसत असतील तरच उडायचं, एवढीच परवानगी मिळाली. अफगाणिस्तानात ब्रिटिश तुकड्या हेलिकॉप्टरसाठी टाहो फोडत असताना ही आठ हेलिकॉप्टरं वातानुकूलित शेडमध्ये उभी होती. करारातला एक परिच्छेद राहून गेला, त्याची ही किंमत.

यावरचा उपाय जुनाच आहे. 'हे असल्याशिवाय चालणारच नाही' आणि 'असलं तर बरं' यांत रेघ मारायची, आणि ती रेघ मारताना वापरणारा जवान, इंजिनिअर आणि पैसे देणारा असे तिघंही एका खोलीत बसवायचे.

खर्च हाताबाहेर गेला की प्रकल्प बंद का करत नाहीत?

कारण तोवर फार हात त्यात गुंतलेले असतात. अमेरिकेत १९८२ पासून नन-मॅकर्डी नावाची तरतूद आहे. प्रकल्पाचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संसदेला कळवावं लागतं, आणि फारच वाढला तर संरक्षण मंत्र्याने 'हे देशासाठी अत्यावश्यक आहे' असं लिहून दिलं नाही तर प्रकल्प बंद. तरतूद चांगली आहे. पण २०२४ मध्ये सेंटिनेल या नव्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा अंदाज ८१ टक्क्यांनी वाढून १४०.९ अब्ज डॉलरवर गेला, तेव्हाही तसं प्रमाणपत्र दिलं गेलं आणि काम चालू राहिलं. दुसरा पर्याय वेळेत तयार ठेवलेला नसला की मंत्र्याला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं.

दुसरं कारण रोजगार. २०१२ मध्ये अमेरिकी लष्करप्रमुखांनीच संसदेला सांगितलं की आम्हाला सध्या आणखी अब्राम्स रणगाड्यांचं काम नको. संसदेने तरीही पैसे दिले, कारण ओहायोतला लिमा इथला कारखाना बंद पडला असता. खासदाराची बाजू मी समजू शकतो, त्याला कारखान्यातली माणसं दिसतात. पण कारखाना जगवायचा असेल तर तसं उघड म्हणावं आणि तो खर्च उद्योग खात्यात दाखवावा.

शस्त्र कंपन्या सैन्याला लुबाडतात का?

जिथे विकणारा एकच, तिथे किंमत तोच ठरवतो. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने कंपन्यांना एकमेकींत विलीन व्हायला उत्तेजन दिलं. १९९० च्या दशकातल्या ५१ बड्या ठेकेदार कंपन्यांपैकी आज ५ उरल्या आहेत. २०१९ मध्ये पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांनी ट्रान्सडाइम या सुट्या भागांच्या कंपनीची बिलं तपासली. ४७ भागांपैकी ४६ वर गैरवाजवी नफा घेतलेला आढळला. कंपनीने १.६१ कोटी डॉलर परत केले. तिने कायदा मात्र मोडला नव्हता. ठरावीक रकमेखालच्या खरेदीत खर्चाचा तपशील देण्याचं बंधन नव्हतं, आणि ते भाग दुसरीकडे मिळतही नव्हते.

म्हणून दुरुस्तीचा हक्क आणि तांत्रिक आराखडे पहिल्याच करारात, स्पर्धा जिवंत असताना मागून घ्यावे लागतात. एकदा सही झाली की मग कंपनी सांगेल ती किंमत.

निवृत्त अधिकारी शस्त्र कंपन्यांत जातात, ते थांबवावं का?

पूर्ण थांबवणं चुकीचं ठरेल, त्यांचं ज्ञान वाया जाईल. पण ज्या कंपनीच्या फाइलवर सही केली, त्याच कंपनीत काही वर्षं जाता येऊ नये, आणि कोण कुठे गेलं याची यादी जाहीर असावी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १४ सर्वांत मोठ्या ठेकेदारांकडे संरक्षण खात्यातले १,७१८ माजी वरिष्ठ आणि खरेदी अधिकारी नोकरीला होते. एवढी मोठी संख्या म्हणजे अपवाद नव्हे.

प्रकल्पांचे प्रमुख सतत का बदलतात?

सैन्यात दोन-तीन वर्षांनी बदली होते, आणि शस्त्र तयार व्हायला पंधरा वर्षं लागतात. पहिला अधिकारी आश्वासनं देतो, दुसरा ती सांभाळतो, तिसऱ्याच्या काळात सगळं कोसळतं, आणि तोवर पहिल्याला दोन बढत्या मिळालेल्या असतात. जबाबदारी नेमकी कुणाची, हे विचारायला गेलं तर सगळेच हात वर करतात.

याला उलटं उदाहरण अमेरिकी नौदलाच्या अणुभट्ट्यांचं. ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी हा कार्यक्रम १९४९ पासून १९८२ पर्यंत चालवला. ते निवृत्त झाले तेव्हा त्या पदाची मुदत आठ वर्षांची ठरवण्यात आली, आणि ती आजही तशीच आहे. ते स्वभावाने कठीण होते, त्यांच्याशी पटवून घेणं अनेकांना जमलं नाही. पण पाणबुड्यांत आणि विमानवाहू जहाजांत इतक्या अणुभट्ट्या इतकी वर्षं अणुभट्टीचा अपघात न होता चालल्या. खुर्चीतला माणूस स्वतःच्या निर्णयाचे परिणाम बघायला त्या खुर्चीतच असायचा, हे त्यामागचं मोठं कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं.

'नेतृत्वसंस्कृती' म्हणजे नेमकं काय?

अडचणीत असलेला कनिष्ठ अधिकारी खरं सांगतो की 'सर्व ठीक' लिहितो, आणि खरं सांगितल्यावर त्याचं पुढे काय होतं, ही नेतृत्वसंस्कृती. भिंतीवर लावलेल्या बोधवाक्यांचा तिच्याशी संबंध नाही.

अमेरिकी लष्करात एकदा हिशोब केला गेला. कंपनी कमांडरकडे वर्षात प्रशिक्षणासाठी २५६ दिवस असतात. वरून आलेल्या सक्तीच्या प्रशिक्षणांची बेरीज केली तर २९७ दिवस होतात. तरीही दरवर्षी प्रत्येक कंपनीचा अहवाल 'पूर्ण' असाच जायचा. २०१५ मध्ये लष्कराच्याच वॉर कॉलेजच्या दोन अभ्यासकांनी लिहिलं की अधिकाऱ्यांना खोट्या सह्यांची इतकी सवय झाली आहे की त्यात काही गैर आहे हेच त्यांना जाणवेनासं झालं आहे. यातल्या कुणी पैसे खाल्ले नव्हते. अशक्य हुकूम देणाऱ्याला 'हे अशक्य आहे' असं कुणी म्हटलं नाही, एवढंच.

या 'एवढंच'ची किंमत २०१७ मध्ये समुद्रावर मोजावी लागली. १७ जूनला जपानजवळ फिट्झजेराल्ड ही अमेरिकी विनाशिका मालवाहू जहाजाला धडकली, सात नौसैनिक गेले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ जॉन मॅकेन ही विनाशिका टँकरला धडकली, दहा गेले. चौकशीत काय निघालं? जपानमध्ये तैनात असलेल्या मोठ्या युद्धनौकांच्या युद्धसज्जतेच्या प्रमाणपत्रांपैकी ३७ टक्के मुदत उलटून गेलेली होती. जहाजं कमी, मोहिमा जास्त, त्यामुळे प्रशिक्षण पुढे ढकलत जायचं आणि 'आम्ही निभावून नेऊ' म्हणायचं. नाही म्हणणारा कप्तान कमकुवत ठरला असता.

मॅकेनवर आणखी एक गोष्ट होती. सुकाणू आणि इंजिनाचा वेग सांभाळायला स्पर्शपडदे बसवले होते. धडकेआधी नियंत्रण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर देताना गोंधळ झाला, आणि सुकाणू हातातून गेलं असं खलाशांना वाटलं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या जागेवर वळवलं गेलं होतं. पुढे नौदलाने पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्या बसवायचं ठरवलं. खलाशांना विचारलं तेव्हा त्यांनी दांड्याच मागितल्या होत्या. खरेदीच्या वेळी त्यांना विचारलं गेलं असतं तर?

कनिष्ठांना इतकं बोलू दिलं तर शिस्त बिघडणार नाही?

नाही. हुकूम दिल्यावर पाळणं ही शिस्त, आणि हुकूम देण्याआधी खरं ऐकणं हीसुद्धा शिस्तच. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विन इथल्या प्रशिक्षण केंद्रात १९८० च्या दशकापासून सराव संपला की आढावा बैठक होते. तिथे कप्तान कर्नलच्या चुकीवर त्याच्यासमोर बोलू शकतो. सरावातला 'शत्रू' बहुतेक वेळा जिंकतो आणि ते कुणी लपवत नाही. त्यातून अमेरिकी सैन्याची शिस्त मोडली, असं कुणी म्हणणार नाही.

उलट २००२ च्या एका मोठ्या युद्धसरावात काय झालं बघा. शत्रूच्या भूमिकेत निवृत्त मरीन जनरल पॉल व्हॅन रायपर होते. त्यांनी मोटरसायकलवरून निरोप पाठवून आणि छोट्या बोटी, क्षेपणास्त्रं वापरून पहिल्याच झटक्यात सोळा जहाजं 'बुडवली'. आयोजकांनी जहाजं पुन्हा 'तरंगवली', सराव पुढे चालू केला आणि शत्रूचे हात बांधले. सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून मिळालेला सर्वांत मोलाचा धडा असा पुसून टाकला गेला.

छळाच्या तक्रारींचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. जिथे छळ झालेली सैनिक तक्रार करायला धजत नाही, तिथे खराब गाडीबद्दलही कुणी तोंड उघडत नाही. टेक्सासमधल्या फोर्ट हुड छावणीत एका तरुण सैनिकाच्या खुनानंतर २०२० च्या अखेरीस स्वतंत्र समितीचा अहवाल आला आणि १४ अधिकारी-कर्मचाऱ्यांना पदावरून दूर किंवा निलंबित केलं गेलं. नंतर कायदाही बदलला. लैंगिक गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही, हे आता त्या तुकडीचा कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात. हा बदल इतर सैन्यांनीही करायला हवा.

तिन्ही दलांना एकत्र आणण्याचा यात काय उपयोग?

दलं वेगवेगळी राहिली की एकच गोष्ट तीनदा विकत घेतली जाते आणि तिघांचे रेडिओ एकमेकांशी बोलत नाहीत. १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला गेलेली अमेरिकी मोहीम वाळवंटात फसली, आठ जण मेले. त्या मोहिमेत दलांची जोडणीच धड नव्हती. त्यानंतर १९८६ मध्ये गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला. त्यातली मर्मावर बोट ठेवणारी अट होती ती बढतीची. दुसऱ्या दलांसोबत काम केल्याशिवाय जनरल होता येणार नाही. एकत्र यायची व्याख्यानं दशकानुदशकं झाली होती. बढतीला अट लागली आणि हुशार अधिकारी संयुक्त कार्यालयात जायला धडपडू लागले.

भारतात कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षण दल प्रमुख नेमण्याची शिफारस केली. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी ते पद स्वीकारलं. शिफारशीपासून नेमणुकीपर्यंत जवळजवळ एकोणीस वर्षं. २०२३ मध्ये आंतर-सेवा संस्थांचा कायदा झाला, त्यामुळे संयुक्त कमांडच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या जवानांवर शिस्तीचे अधिकार मिळाले. पुढचं पाऊल बढतीच्या निकषांचं आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे.

सगळं उघड केलं तर शत्रूला फायदा होणार नाही?

शस्त्र कुठे ठेवलंय हे गुप्त असावं. अंड्याची किंमत गुप्त असायचं कारण नाही. २०२३ च्या जानेवारीत युक्रेनच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की सैन्यासाठी अंडी प्रत्येकी १७ रिव्निया (युक्रेनचं चलन) दराने घेतली जात होती, बाजारात ती ७ च्या आसपास मिळत होती. देश युद्धात होता, तरी बातमी छापली गेली. उपमंत्र्यांना जावं लागलं, पुढे त्याच वर्षी मंत्रीही बदलले, आणि बिगरशस्त्र खरेदीच्या किमती उघड करण्याची तरतूद झाली. याने रशियाला काही मिळालं नाही.

चीनमध्ये याच्या उलट घडलं. तिथल्या दोन माजी संरक्षण मंत्र्यांना २०२४ च्या जूनमध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पक्षातून काढलं. बंद दाराआड चाललेली खरेदी वर्षानुवर्षं कुणाला दिसली नाही.

युद्ध चालू असताना सुधारणा कराव्यात का, की ते संपेपर्यंत थांबावं?

बऱ्याचदा युद्ध चालू असतानाच त्या होतात. २००५ च्या फेब्रुवारीत इराकच्या अनबार प्रांतातल्या मरीन तुकड्यांनी सुरुंगापासून वाचवणाऱ्या १,१६९ गाड्यांची तातडीची मागणी पाठवली. या गाड्यांचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, त्यामुळे स्फोट बाजूला फेकला जातो. ती मागणी मुख्यालयात कुठेतरी अडकून पडली. दलांचा डोळा पुढच्या पिढीच्या गाडीवर होता, या 'तात्पुरत्या' गाडीत कुणाला रस नव्हता. दोन वर्षांनी संरक्षण मंत्री रॉबर्ट गेट्स यांनी वर्तमानपत्रात वाचलं की अशा गाड्यांमुळे जवान वाचत आहेत. जगातल्या सर्वांत मोठ्या संरक्षण खात्याच्या मंत्र्याला ही गोष्ट स्वतःच्या खात्याकडून कळली नव्हती.

२००७ च्या मे महिन्यात त्यांनी ती खात्याची पहिल्या क्रमांकाची खरेदी ठरवली, वेगळा गट नेमला आणि त्याचा आढावा स्वतः घेत राहिले. अनेक कंपन्यांना एकाच वेळी काम दिलं, सुरुवातीच्या गाड्या जहाजाची वाट न पाहता विमानाने इराकला पाठवल्या. पुढच्या काही वर्षांत अशा २०,००० हून जास्त गाड्या तयार झाल्या. नियम तेच होते, कंपन्याही त्याच होत्या.